मुद्रामंजिरीचे लोकार्पण

३ नोव्हेंबर १९९८, मंगळवार

ही वही दिवाळीत मेहुण्याने दिली. हरवली तर कोणाला परत करायची ते कळावे म्हणून आधी ओळख : गहिनीनाथ कुलथे, श्रीरामपूर. जातीने सोनार, शिक्षणाने संस्कृत पाठशाळेतला, पोटासाठी नगरच्या एका दैनिकाचा वार्ताहर. गाव मला शास्त्री म्हणते. पाठशाळेत मला शेवटच्या ओळीत बसवत, त्यामुळे ही पदवी मी अजून उतरवून ठेवलेली नाही.

आज शांतवनने लॉक परत आणून दिले. लॉक म्हणजे संगणकाच्या पाठीत खुपसायची अंगठ्याएवढी डबी. ती असली तरच आमची मुद्रामंजिरी उघडते. मुद्रामंजिरी म्हणजे छापखान्यांसाठीचे मराठी सॉफ्टवेअर. महेंद्र पगारेने लिहिले. शब्द सगळे माझे. त्यात लग्नपत्रिका, मुंज, वास्तुशांत, दुखवटा असे एकशे आठ तयार मजकूर आहेत. छापखानेवाल्याने आकडा दाबायचा, नावे भरायची, छापायचे. शांतवन हे आमचे पहिले गिऱ्हाईक. तुळशीची लग्ने उरकली, माणसांची सुरू होणार, आणि हा नेमका आत्ता लॉक घेऊन आला.

"राग धरू नका, शास्त्रीबुवा. पुण्याचं विंडोजवालं घेतलं. त्यात नुसता माउस हलवला की अक्षर मोठं होतं."

"आणि आमच्यात?"

"तुमच्यात आकडा दाबायचा आणि चहा पिऊन यायचं. सध्या चहा बंद केलाय डॉक्टरांनी."

चालू राहिलेली गिऱ्हाइके आता दोन हातांच्या बोटांवर मावतात, आणि एक हात शिल्लक राहतो.


८ नोव्हेंबर, रविवार

महेंद्र सकाळी देवळालीहून सायकलवर आला. इतक्या आनंदात मी त्याला लग्न ठरले तेव्हाही पाहिले नव्हते. म्हणाला, "सर, आपण एमएम उघडं करू." (मुद्रामंजिरी हे नाव सुचायला मला पंधरवडा लागला. तो एमएम म्हणतो.)

उघडे करायचे म्हणजे लॉक काढायचेच, शिवाय त्याने संगणकाला दिलेल्या मूळ आज्ञाही, सोर्स म्हणतात त्याला, कोणालाही फुकट द्यायच्या. ज्याला कळेल त्याने त्यात बदल करावेत, पुढे द्यावे. अमेरिकेतल्या एका कंपनीने यंदाच असे केले म्हणे.

"म्हणजे आपण स्वयंपाकघर उघडं टाकायचं, आणि जेवणाऱ्याने हवं तसं मीठ घालायचं?"

"मीठ घालू दे, भाजी बदलू दे, चूलसुद्धा नवी मांडू दे. विंडोजवर न्यायला मला एकट्याला दोन वर्षं लागतील, सर. तोवर हे मरून जाईल. उघडं केलं तर कुणीतरी हात लावील. आणि लोकांना आपापले मजकूर घालता येतील."

हे शेवटचे वाक्य त्याने जमिनीकडे बघत म्हटले. शांतवनला ख्रिस्ती विवाहाचा मजकूर हवा होता, महेंद्रला त्यांच्याकडच्या मंगल परिणयाचा. दोघांनाही मी 'बघू' म्हटले होते, त्याला चौथे वर्ष लागले. एकशे आठ ही पूर्ण संख्या आहे. त्यात आणखी घालायचे तर कोणाला तरी काढावे लागते, ही अडचण त्यांच्या लक्षात येत नाही.

भागीदारी निम्मी-निम्मी. दोघांची संमती असल्याशिवाय काही होत नाही. मी म्हटले, विचार करतो.


१५ नोव्हेंबर, रविवार

पुण्याहून विंडोजवाल्या कंपनीचे गृहस्थ आले होते. पांढरा शर्ट, आत बनियन दिसेल इतका स्वच्छ. त्यांना मुद्रामंजिरी विकत हवी आहे. चालवायला नको, बंद करायला हवी आहे. उरलेली गिऱ्हाइके त्यांच्याकडे वळवणार. बोलणे सरळ होते, त्यामुळे राग आला नाही. पुढे म्हणाले, "आमच्याकडे भाषेचं कोणी नाही हो. तुमच्यासारखा सल्लागार मिळाला तर..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. ते मी घरी येईपर्यंत चार प्रकारे पुरे केले.

जयमाला म्हणाली, "महेंद्रला सांगितलंत?"

"योग्य वेळी सांगेन."

"म्हणजे झाल्यावर." बायको बी.ए. मराठी असली की घरात टीकाकार वेगळा लागत नाही.


२२ नोव्हेंबर, रविवार

देवळाली प्रवरेला जाऊन आलो. रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, एस.टी.ने मैलभर अंतर बैलाच्या गतीने कापले.

महेंद्रची आई भामाबाई. वडील कचरू पगारे साखर कारखान्यात होते, ते जाऊन आता बरीच वर्षे झाली. म्हातारीने मला एकुलत्या खुर्चीवर बसवले, स्वतः उंबऱ्याशी बसली.

"लई दिसांनी आला, सर. आता ते दिऊन टाका बाबा एकदाचं. ह्यो जेवताना त्येच बोलतोय. भाकरी कशाशी खाल्ली इचारलं तर सांगता येत न्हाई."

"देऊ की. घाई काय आहे?"

"घाई मला हाय. एकदा दावा मला त्ये मशिनीवर. त्यात ह्याचं नाव येतं म्हनं."

"येतं ना. खाली येतं."

"खाली म्हंजी?"

"म्हणजे वाचणाऱ्याचे डोळे शेवटी जिथे टेकतात, तिथे."

मला वाटले होते ती हसेल. सुरुवातीच्या पडद्यावर वर मी रचलेला श्लोक आहे, मग 'संकल्पना व शब्दयोजना : पं. गहिनीनाथ कुलथे', आणि तळाला 'तंत्रसाहाय्य : म. क. पगारे'. पडद्याला तळ असतो, तिथे कोणाला तरी बसावेच लागते. महेंद्रने याबद्दल सहा वर्षांत अवाक्षर काढलेले नाही. समजूतदार मुलगा.


२ डिसेंबर, बुधवार

महेंद्रला पुण्याच्या गृहस्थांबद्दल सांगितले. सल्लागाराचे सांगितले नाही, कारण ते अजून ठरलेले नाही, आणि न ठरलेल्या गोष्टी छापू नयेत हे पत्रकारितेचे पहिले तत्त्व.

"ते बंद करायला घेतायत, सर."

"तुला काय माहीत?"

"मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं." मग म्हणाला, "मला पुण्यात नोकरी मिळतेय. दोन हजार सालच्या तारखांचा गोंधळ होणार आहे ना, तो निस्तरायला तिथल्या दुसऱ्या एका कंपनीला माणसं हवीत. संक्रांतीनंतर जाईन. जायच्या आधी हे मार्गी लावायचंय. मी गेल्यावर याला कोण बघणार?"

मी म्हटले, मी आहे ना. तो काही बोलला नाही. शिष्य गुरूपुढे गप्प बसतात, त्यातलेच हे असावे.


१४ डिसेंबर, सोमवार

पुण्याच्या गृहस्थांना स्वतः फोन केला. सौदा तयार आहे म्हणाले. सल्लागाराचे विचारले. "अहो, ते मी आपलं बोलण्याच्या ओघात... आमच्याकडे एम.ए. झालेली एक मुलगी पार्टटाइम येते. आणि खरं सांगू का, शास्त्रीजी, तुमचे मजकूर लोकांना जरा जड जातात."

जड! 'आमच्या गृहाङ्गणी मङ्गलकलश स्थापिला जात असता' यात जड काय आहे?

घरी येताना विचार केला आणि मन एकदम स्वच्छ झाले. विद्या विकायची नसते. पैशांसाठी आपले काम कोणाच्या हाती मरायला देणे हे पाप आहे. महेंद्रला निरोप पाठवला : मुक्त करू.

जयमालाने विचारले, "अचानक?"

"मूल्यांचा प्रश्न आहे."

"पुण्याला फोन लावलात वाटतं?"

मी जेवायला बसलो.


२१ डिसेंबर, सोमवार

महेंद्रचे म्हणणे : फ्लॉप्यांवर भरून तालुक्यातल्या छापखान्यांना वाटू, आणि तो पुण्यात गेला की इंटरनेटवर ठेवील. झाले. मी विचारले, एवढी मोठी गोष्ट आणि समारंभ नाही? आपल्याकडे विहिरीवर मोटर बसवली तरी नारळ फुटतो.

६ जानेवारीला पत्रकार दिन. तालुका पत्रकार संघाचा कार्यक्रम असतोच, त्यातच लोकार्पण करायचे ठरवले. अध्यक्ष म्हणून एका कारखान्याचे चेअरमन यायला तयार आहेत. संघाने माझा सत्कारही त्यातच उरकायचे ठरवले. मी विरोध केला, पण एकदाच केला.

महेंद्र म्हणाला, "मला फक्त दहा मिनिटं द्या, सर. मशिनवर दाखवतो. आईला आणणार आहे."

"दहा कशाला, पंधरा घे."


६ जानेवारी १९९९, बुधवार, दुपार

बातमी पाठवून दिली. बाहेरच्यांना नवल वाटेल, कार्यक्रम संध्याकाळी पाचला आहे. पण नगरची गाडी साडेबाराला सुटते, पाकीट कंडक्टरच्या हाती दिले तरच उद्याच्या अंकात येते. फॅक्स आहे; पण संपादक म्हणतात, फॅक्सवर तुमचे अक्षर आणखी शास्त्रीय दिसते. सभा, उद्घाटने, हरिनाम सप्ताह, सगळ्यांच्या बातम्या आम्ही आधीच लिहितो. आपल्या भागात कार्यक्रम बातमीप्रमाणे होतात. एकदा एक वक्ता ऐन वेळी आजारी पडला, तरी त्याचे छापलेले भाषण लोकांना आवडले होते.

बातमी अशी : "ज्येष्ठ पत्रकार पं. गहिनीनाथ कुलथे यांच्या संकल्पनेतून साकारलेल्या 'मुद्रामंजिरी'चे लोकार्पण टाळ्यांच्या कडकडाटात झाले. मान्यवरांनी प्रात्यक्षिक पाहून समाधान व्यक्त केले..." शेवटी, "महेंद्र पगारे यांनी आभार मानले." शेवटची ओळ हा बातमीतला मानाचा भाग असतो. जागा कमी पडली की संपादक ती आधी कापतो, म्हणून मी मुद्दाम परिच्छेद आटोपशीर ठेवला.


७ जानेवारी, गुरुवार

कालचे लिहितो.

महेंद्रने संगणक टेम्पोतून आणला, गोधडीत गुंडाळून. व्यासपीठाच्या खाली, डाव्या बाजूला त्याला टेबल दिले. भामाबाई पहिल्या रांगेत बसली होती, तिला कोणीतरी तिसऱ्या रांगेत नेले. पहिली मान्यवरांची होती. चेअरमन साडेसहाला आले. मग स्वागत, मग माझा सत्कार : शाल, नारळ, आणि सागवानी चौकटीत मानपत्र. मग चेअरमन बोलले. संगणक हा कल्पवृक्ष आहे असे म्हणाले आणि त्यानंतर उसाच्या उताऱ्याकडे वळले ते परत आले नाहीत. महेंद्र मधून मधून माझ्याकडे बघत होता. मी हाताने 'थांब' म्हणत होतो. तो थांबला होता.

त्याचे नाव पुकारायला मी उभा राहिलो आणि वीज गेली.

कंदील आले. संगणक कंदिलावर चालत नाही. चेअरमननी अंधारातच फ्लॉप्यांच्या खोक्याला हात लावला, लोकार्पण झाले. मी म्हटले, "आता महेंद्र पगारे आभार मानतील." टेबलापाशी कोणी नव्हते. संगणक पुन्हा गोधडीत बांधून झाला होता. मागून शांतवन ओरडला, "शास्त्रीबुवा, तो आईला घेऊन स्टँडवर गेला. शेवटची गाडी हाय त्यांची."

मग मीच आभार मानले. स्वतःच्या सत्काराबद्दल स्वतःचे आभार मानणारा तालुक्यात मी पहिलाच असेन.

आज अंक आला. बातमी अक्षरशः तशीच, शेवटच्या ओळीसकट. दुपारी महेंद्र आला. अंक त्याच्या हातात होता. बसला नाही.

"सर, काल वीज गेली होती."

"माहीत आहे रे. मी तिथेच होतो."

"यात आलंय, मान्यवरांनी प्रात्यक्षिक पाहिलं."

"पाकीट साडेबाराला जातं, महेंद्र. तुला आमची पद्धत ठाऊक आहे."

"हो. म्हणजे बारा वाजता माझी जागा ठरली होती." आवाज चढलेला नव्हता. "आईने शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं. मला विचारलं, 'तू आभार कवा मानलं रं? आपण तर एस.टी.त हुतो.'"

मी म्हटले, छापून आले हे महत्त्वाचे. पुढच्या वेळी सविस्तर मुलाखत घेऊ. त्याने सोर्सची एक फ्लॉपी टेबलावर ठेवली. "ही तुमची. यात सगळं आहे, काही लपवलेलं नाही." आणि गेला. चहा ठेवला होता, तोही न घेता.

जयमालाने दोन्ही कप स्वतःच प्यायले. मला विचारले नाही.


३० जानेवारी, शनिवार

महेंद्र पुण्याला गेल्याचे पोस्टमनकडून कळले. घाईत असेल, म्हणून भेटला नाही.

छापखान्यांतून फेरी मारली. वाटलेल्या फ्लॉप्यांचे काय झाले, तर एकाने त्यावर पोराचा गेम भरला आहे. दुसऱ्याने मतदारयादी. बेलापूर रोडवरचा म्हणाला, "कोऱ्याच होत्या ना?" शांतवन मात्र कौतुकाने म्हणाला, "फ्लॉपी बाकी दणकट निघाली, शास्त्रीबुवा. आजकाल अशा मिळत न्हाईत."

लोकांना फुकट दिलेल्या गोष्टीची किंमत नसते. हे मी महेंद्रला आधीच सांगणार होतो.


९ मे, रविवार

शांतवनकडे सहज गेलो. मशिनवर काहीतरी वेगळेच चालू होते. माउस हलत होता, अक्षर मोठे होत होते, पण वळणे ओळखीची. ती आमचीच अक्षरे होती. शांतवन आधी पडद्यासमोर आडवा आला, मग बाजूला झाला.

"महेंद्र देऊन गेला. मागच्या आठवड्यात आला होता ना, आईला पुण्याला न्यायला."

आला होता. गावात आला होता.

हे 'छापा' नावाचे आहे. महेंद्रने सोर्स इंटरनेटवर ठेवला. सोलापूरच्या कोणा प्राध्यापकाने तो विंडोजवर नेला, नागपूरच्या दोघांनी वेग वाढवला, आणखी कोणी कोणी काय काय केले. फुकट आहे. शांतवनने पुण्याचे विकतचे काढून टाकले. म्हणाला, त्या कंपनीचा माणूस येऊन चरफडून गेला. मला आनंद व्हायला हवा होता. मी 'छान' म्हटले.

मजकुरांची यादी उघडायला लावली. ख्रिस्ती विवाह आहे, तो शांतवनने स्वतः लिहिला आणि महेंद्रने घातला. मंगल परिणय आहे. मुसलमानांच्या शादीचा मराठी मजकूर आहे, तो कोणा परभणीच्या माणसाचा. बारसे आहे, ट्रॅक्टरची पूजा आहे. माझ्या एकशे आठांपैकी अकरा उरले आहेत.

"हे कोणी ठरवलं?"

"कुणी न्हाई. जे कुणी कधी छापलंच न्हाई, तेवढं काढलं. माझ्याच दुकानात सहा वर्षांत तुमचे नऊदहाच चालले असतील. 'मृत्यूने आमच्या कुटुंबवृक्षावर वज्रप्रहार केला' हे कुणी घ्यायचं? लोक म्हणतात, साधं लिहा, आजी गेली."

पहिल्या पडद्यावर श्लोक नाही. करणाऱ्यांची नावे आहेत, वर्णानुक्रमे, एका आकारात. माझेही आहे. 'मजकूर' म्हणून. पंडितशिवाय.


१० मे, सोमवार

रागाने झोप आली नाही असे लिहिणार होतो, आली. सकाळी उठून ठरवले की गेलेले सत्त्याण्णव परत घालायचे. उघडे आहे, कोणीही बदलू शकतो, हे त्यांचेच तत्त्व. मग मीही कोणीतरीच आहे.

महेंद्रने ठेवलेली फ्लॉपी पत्रकार संघाच्या संगणकात घातली आणि सोर्स उघडला. सहा वर्षे हे माझे म्हणून मी सभांतून बोललो. आतून आज प्रथमच पाहिले. महिरपी कंस, अर्धविराम, मध्येच इंग्रजी शब्दांची तुटकी शेपटे. पडदाभर खाली गेलो, आणखी खाली गेलो. माझा एकही शब्द कुठे ओळखू येईना. पाणिनीची सूत्रे मी तेराव्या वर्षी पाठ केली होती. इथे मला कर्ता कोण आणि क्रिया कोणती, हेही सांगता येईना. शेजारी संघाचे सचिव उभे होते. म्हणाले, "काय शास्त्रीबुवा, तपासताय का?" मी म्हटले, हो, एकदोन ठिकाणी शंका आहे.

एस.टी.डी. बूथवरून पुण्याला फोन लावला. महेंद्रनेच उचलला.

"सर! बोला ना."

आवाजात जुना महेंद्र होता. त्यामुळे जास्त राग आला. मी म्हटले, माझे मजकूर काढलेत. परत घालायचे आहेत.

"घाला की, सर. तुमचेच आहेत. सोर्स आहे ना तुमच्याकडे? नवीन पाहिजे असला तर पाठवतो. कुणाची परवानगी लागत नाही."

"हो, आहे."

"काही अडलं का?"

बूथवाला मीटरकडे बघत होता. बाहेर संघाचे सचिव पानाच्या टपरीवर उभे होते, काच बंद होती, तरी मी आवाज खाली आणला. म्हटले, "अडायचं काय त्यात? वेळ मिळाला की घालतो."

"कधीही घाला, सर," तो म्हणाला. "ते कुठे जात नाही."